देवगडकडच्या घरात इंजिनियर्ड लाकडी फ्लोअरिंग: कोणतं घ्यावं, कसं टिकवावं?

सुरंगी (धागाकर्ती)
देवगड तालुक्यात, समुद्रापासून तीनेकशे मीटरवर घर आहे. खालचा मजला जुना, जांभ्याचा, कोब्याची जमीन. वरचा मजला नवा, आरसीसी स्लॅब, त्यावर फेब्रुवारीत 50 मिमी सिमेंटचा थर घातलाय. वरच्या 12 बाय 14 फुटांच्या खोलीत इंजिनियर्ड लाकडी फ्लोअरिंग (वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लायसारखा गाभा) करायचं आहे, जमलं तर खालच्या माजघरातही. घर जून ते गणपतीपर्यंत बंद असतं.

नेमकं विचारायचं ते असं:
1. दुकानदार ओक दाखवतो, सुतार म्हणतो सागच घ्या. कोणाचं ऐकावं?
2. 'पर्यावरणपूरक' शिक्का खरा की खोटा हे कसं ओळखायचं?
3. गणपतीच्या आधी काम उरकेल का?
4. बंद घरात पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

---

रंधा
पहिल्या प्रश्नात तुम्ही वरच्या लाकडाचं विचारलंत. कोकणात खरा निकाल वरचं लाकूड लावत नाही, खालचा गाभा आणि त्यातला गोंद लावतो. ओक की साग हा शेवटचा प्रश्न ठेवा.

फळीचा कापलेला टोकाकडचा भाग उजेडात धरून बघा. वर एक थर दिसेल, तो खऱ्या लाकडाचा. खाली एक तर आडव्या-उभ्या प्लायचे थर दिसतील, किंवा चॉकलेटी रंगाचा भुशासारखा एकजीव थर. तो भुशाचा थर म्हणजे एचडीएफ. क्लिक जोडाला (फळ्या एकमेकींत खटकन अडकवायच्या खाचेला) तो छान, कडा सुबक निघतात, पण पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. तुमच्या घरासाठी तो नको. प्लायचा गाभा घ्या, आणि गोंद फिनॉलिक असल्याचं लिहून घ्या. आपल्याकडच्या प्लायच्या भाषेत सांगायचं तर भारतीय मानक आयएस 303 ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) प्रत किंवा आयएस 710 ची मरीन. बीडब्ल्यूआरचा नमुना 8 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, 710 चा 72 तास. नुसत्या एमआर (ओल सोसणाऱ्या) गोंदाचा नमुना 60 अंशाच्या पाण्यात 3 तासच ठेवतात. फरक लक्षात आला असेल.

विकणारा शब्द देतो, लाकूड देत नाही. म्हणून 5 बाय 12 सेंटीमीटरचा तुकडा मागून घ्या. साध्या पाण्यात 4 तास बुडवा, मग पूर्ण वाळवा, आणि हे तीनदा करा. शेवटी कडेला नख घालून बघा. वरचा पापुद्रा सुटला, प्लायचे थर फाकले किंवा कड पुस्तकाच्या पानांसारखी उघडली तर तो माल परत. रंग थोडा उडाला तर हरकत नाही.

आता वरच्या थराची जाडी. एकदा मशीन फिरवून घासलं की साधारण अर्धा ते पाऊण मिमी जातो. 0.6 मिमीचा थर म्हणजे शोभेचा, तो घासताच येत नाही. 2 मिमी असेल तर एकदा, फार जपून. 3 ते 4 मिमी असेल तर दोन-तीनदा. टिकाऊपणाच्या गप्पा मारायच्या तर 3 मिमीच्या खाली जाऊ नका. एकूण जाडी 14 किंवा 15 मिमी बघा, फळीची रुंदी 120 ते 150. 200 च्या वरच्या रुंद फळ्या फोटोत देखण्या दिसतात, पण पावसाळ्यात त्यांची वाटी होते.

---

खारेवारे
+1. रंधा यांनी 'वाटी' म्हटलंय, ती का होते त्याचे आकडे देतो.

लाकूड हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेत असतं. 27-28 अंशाला हवेची आर्द्रता 55 टक्के असेल तर लाकडातला ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास थांबतो. 85 टक्के झाली की साडेसतराच्या आसपास जातो, 90 ला 20. आपल्याकडे जानेवारीतल्या कोरड्या दुपारी पहिला आकडा दिसतो आणि जुलैत दुसरा-तिसरा. म्हणजे वर्षभरात किमान 7 टक्क्यांचा चढउतार.

अख्ख्या सागाची 120 मिमी रुंद, आडव्या कापाची फळी धरा. सागाचा फुगण्याचा गुणांक दर टक्का ओलाव्याला 0.00186. म्हणजे 120 × 0.00186 × 7 = साधारण दीड मिमी. त्याच मापाची व्हाइट ओकची फळी: गुणांक 0.00365, फुगवटा 3 मिमी. म्हणजे सुतार उगाच सागाचं नाव घेत नाही, साग ओकच्या निम्म्यानेच हलतो. आता सागाच्याच फळ्या चार मीटर रुंद खोलीत एकमेकींना भिडवून मोजा: 52 मिमी. कुठलीही भिंत त्याला जागा देणार नाही, जमीन मधोमध तंबूसारखी उठणार.

इंजिनियर्ड फळीत प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, म्हणून प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो. म्हणून हाच फुगवटा चार मीटरला पाच-सहा मिमीवर येतो. चमत्कार काही नाही, बांधून ठेवलेला बैल आहे. दोर (म्हणजे गोंद) तुटला की तो मोकळा.

आणि एक. बाहेरून येणारा माल कारखान्यात 5 ते 9 टक्के ओलाव्यावर वाळवलेला असतो, आणि बहुतेक कंपन्यांची हमी खोलीत 60-65 टक्क्यांपर्यंतच आर्द्रता धरून लिहिलेली असते. हमीपत्रातला हा बारीक मजकूर वाचून मगच पैसे द्या. जुलैतलं बंद घर त्या अटीत बसत नाही.

---

आगरातलो
पावसात चार म्हयने घर बंद ठेवलात तर लाकडाक बुरशी येतलीच, मगे ता कसला का असाना. आधी घराचा वारा बघा, मगे लाकूड.

---

खारेवारे
आगरातलो, वाऱ्याचं खरं, पण अर्धं. जुलैत खिडक्या उघडल्या तर आत येतो तो वाराही 90 टक्क्यांचाच. त्याबद्दल खाली लिहितो.

---

पानगळ
दुसऱ्या प्रश्नाला उत्तर.

'इको', 'ग्रीन', 'नॅचरल' असे शब्द खोक्यावर कोणीही छापू शकतं. एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) हे नीट सांभाळलेल्या जंगलातल्या लाकडाचं प्रमाणपत्र आहे, आणि ते तपासता येतं. छाप्याखाली 'एफएससी-सी' आणि पुढे सहा आकडे असा परवाना क्रमांक असतो, तो एफएससीच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का बघा. 'शंभर टक्के' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. 'मिक्स' म्हणजे प्रमाणित, पुनर्वापराचं आणि नियंत्रित स्रोतातलं लाकूड मिसळलेलं. मिक्स वाईट नाही, पण ते शंभर टक्क्यांच्या भावात घेऊ नका. मुख्य म्हणजे बिलावर त्या मालापुढे प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दावा लिहून मागा. साखळीतल्या एका जरी विक्रेत्याकडे प्रमाणपत्र नसेल तर बिलावरचा दावा तिथेच तुटतो, खोक्यावर झाडाचं चित्र असलं तरी.

पीईएफसी हे दुसरं चालणारं प्रमाणपत्र. भारतात त्याच्याशी जोडलेली एनसीसीएफ ही संस्था 2015 पासून आहे.

'बर्मा टीक' म्हणून कोणी काही खपवायला लागला तर कागद मागा. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले. नवा माल आणि जुना बर्मा, दोन्ही एकदम खरं असणं कठीण.

फॉर्मल्डिहाइडचं विसरू नका. गोंदातून सुटणाऱ्या या वायूच्या मर्यादेसाठी ई1 (युरोपचा दर्जा) किंवा कार्ब फेज 2 (कॅलिफोर्नियाचा) असं लिहिलेलं हवं (कार्बची मर्यादा प्लायसाठी 0.05 पीपीएम). उष्णता आणि दमटपणा वाढला की गोंदातून हा वायू जास्त सुटतो, म्हणजे बंद खोलीत नेमका सगळ्यात जास्त. गणपतीला दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते यानेही असू शकतं, नुसत्या कुबट वासाने नाही.

---

जांभादगड
प्रमाणपत्र ठीक, पण हजारो मैलांवरून आलेला ओक 'पर्यावरणपूरक' कसा, हे मला पटत नाही. आपल्या दारात काय आहे ते आधी बघू.

एक, जुना साग. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब, तक्तपोशी. कित्येक दशकं हवेत राहिलेलं लाकूड, त्याची बरीचशी हालचाल होऊन गेलेली. तुळई करवतून 4 मिमीचे पापुद्रे काढायचे आणि मरीन प्लायवर चिकटवायचे. करवतीला घालण्याआधी धातुशोधक फिरवून प्रत्येक खिळा काढलाच पाहिजे, एक खिळा राहिला की पातं गेलं. तुळईत बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर ती आत आणू नका.

दोन, रबरवुड. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. चीक आटला की 25-30 वर्षांनी झाड तोडावंच लागतं, म्हणून लाकडासाठी वेगळं जंगल लागत नाही. गाभ्याला चांगलं. मात्र कच्चं रबरवुड किड्याला फार लवकर बळी पडतं, बोरॉनची प्रक्रिया झालेलीच घ्या.

तीन, बांबू. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू बांधावर होतो, जवळजवळ भरीव. 2017 च्या बदलानंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, त्यामुळे तोडीचा-वाहतुकीचा जाच कमी झाला. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने बांबूच्या बांधकामात बरंच काम केलंय. फ्लोअरिंगसाठी बांबूचे तंतू गोंदासह दाबून केलेला 'स्ट्रँड वोव्हन' प्रकार घ्या, तो सागापेक्षा कितीतरी कठीण.

---

रंधा
जांभादगड, जुन्या सागाला माझंही मत. पण पापुद्रे घरच्या घरी फेविकॉल लावून चिकटवू नयेत. दाब सगळीकडे सारखा मिळत नाही आणि चार महिन्यांत टोकं उचकटतात. हॉट प्रेस (तापवून दाबणारं यंत्र) असलेल्या कारखान्यातून करून घ्या. शिवाय पाठीमागेही 2 मिमीचा पापुद्रा लावायला सांगा. वर 4 मिमी आणि खाली काहीच नाही अशी फळी स्वतःहूनच वळते.

स्ट्रँड बांबूबद्दल एवढंच, की तो कठीण आहे म्हणून फुगत नाही असं समजू नका. फुगतो, आणि रेटतोही जोरात. भिंतीलगत फुगण्यासाठी सोडलेली फट कमी पडली तर स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) उखडतो.

---

सुरंगी
बरीच माहिती मिळाली, धन्यवाद. मग गणपतीच्या आधी होईल का? सुतार मोकळा आहे तो ऑगस्टमध्येच.

---

रंधा
नाही. स्पष्ट सांगतो: ऑगस्टमध्ये बसवू नका. कारणं दोन.

सिमेंटचा थर फेब्रुवारीतला. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, पण तो कोरड्या, वाहत्या हवेतला. तुमचा 50 मिमी म्हणजे एप्रिलपर्यंत बरा वाळला असेल, खालच्या स्लॅबचं वेगळं. त्यानंतर पावसाळा लागला, तिथून वाळण्याचं काम जवळजवळ थांबतं. दुसरं, दमट खोलीत फळ्या फुगलेल्या अवस्थेत भिडवल्या तर जानेवारीत प्रत्येक जोडात फट दिसेल.

दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चाचणी, जानेवारीत काम. उलट बाजू अशी की तेव्हा फळ्या आकसलेल्या असतात, म्हणून भिंतीलगतची फट पूर्ण सोडायची, सुताराने 'बारीक ठेवली, बरं दिसतं' म्हटलं तरी ऐकायचं नाही.

---

खारेवारे
चाचणी कशी करायची ते लिहितो.

साधी पद्धत: 45 सेंमी चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही कडा रुंद टेपने सिमेंटला चिकटवा, हवा जाईल अशी एकही जागा नको. किमान 16 तास, शक्यतो दोन दिवस. अशा तीन-चार जागा: एक बाथरूमच्या भिंतीलगत, एक बाहेरच्या भिंतीशी, एक मधोमध. काढताना आधी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूकडे बघा, दव धरलंय का. मग सिमेंटकडे: टेपच्या आतला चौकोन आजूबाजूपेक्षा गडद दिसला तर पाणी अजून वर येतंय. दव दिसलं तर थांबायचं, एवढं नक्की. दव नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही.

म्हणून कंत्राटदाराकडून थरातला ओलावा मोजणारी कार्बाइडची चाचणी (सीएम) करून घ्या. सिमेंटच्या थराला 2 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. किंवा सिमेंटमध्ये भोक पाडून आर्द्रतामापक ठेवतात, त्याला 75 टक्क्यांची मर्यादा धरतात.

खालच्या माजघराबद्दल: जुन्या जांभ्याच्या जोत्याला ओल अडवणारा थर बहुधा नसतो. कोब्यातून ओल बारमाही वर येते, पावसात तर भिंतीवर फूटभर चढलेली दिसते. तिथे लाकूड नको. इपॉक्सीचे दोन हात मारून अडवता येतं असं सांगणारे भेटतील. जमिनीतून अडेल, पण तीच ओल भिंतीकडे वळते आणि तिथला गिलावा फुगतो. कोबा चांगला असेल तर घासून-पुसून तोच ठेवा. सगळ्यात पर्यावरणपूरक जमीन तीच, जी आधीपासून आहे.

---

जांभादगड
शेवटचं वाक्य माझ्या मनातलं 😄

---

सुरंगी
माजघर रद्द. कोबा राहील.
फळ्या जमिनीला चिकटवायच्या की तरंगतं (न चिकटवता नुसतं पसरलेलं) फ्लोअरिंग करायचं? दोन दुकानदारांची दोन मतं.

---

रंधा
माझं मत चिकटवण्याचं. पूर्ण सपाटीवर, नुसते गोंदाचे पट्टे मारून नाही. एमएस पॉलिमर गोंद, दातेरी थापीने पसरायचा, चौरस मीटरला 1 ते 1.2 किलो. हा गोंद हवेतल्या दमटपणानेच पकडतो, त्यामुळे आपल्याकडे वर साय लवकर धरते. एका वेळी अर्ध्या तासात फळ्या बसतील एवढीच जागा माखा. पाण्याचा पांढरा गोंद अजिबात नको, त्यातलं पाणी फळीच्या पोटात जातं आणि दुसऱ्याच दिवशी कडा उचलतात.

त्याआधी जमीन सपाट हवी: दोन मीटरच्या पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त पोकळी नको. सिमेंटवर खिळ्याने ओरखडा काढा, पूड निघाली तर थर कच्चा आहे. अशा थरावर गोंद नाही धरत, थरच गोंदाबरोबर उठून येतो.

---

खारेवारे
इथे माझं मत वेगळं. बंद राहणाऱ्या घरात मी तरंगतं घेईन. 200 मायक्रॉनचं पॉलिथीन, जोडावर 20 सेंमी चढवून टेप, कडेला भिंतीवर थोडं वर वळवलेलं. त्यावर 2 मिमीचा घट्ट फोम, जाड मऊ नको, नाहीतर पाय टाकला की क्लिकचा जोड वाकतो आणि तुटतो. स्लॅबची ओल खालीच अडते, अख्खी जमीन एकत्र हलते, आणि एखादी फळी खराब झाली तर कडेपासून उकलता येते. चिकटवलेली फळी छिन्नीने फोडूनच काढावी लागते.

---

रंधा
तरंगत्यावर चालताना पोकळ आवाज येतो, आणि त्यावर सहा फुटी कपाट ठेवलं की जमीन एका बाजूला खिळली जाते, मग हलायचं ते दुसऱ्या बाजूने उठून. कपाटं आधी बसवून जमीन त्यांच्या भोवतीने फिरवणार असाल तर तुमचं मान्य.

---

खारेवारे
ते बरोबर. बांधीव कपाट असेल तर त्याच्याखाली फ्लोअरिंग नेऊच नये, फट सोडून बाहेर थांबायचं. सुरंगी ताई, खोलीत काय सामान आहे त्यावर ठरवा. नुसता पलंग आणि टेबल असेल तर तरंगतं, कपाटं जड आणि हलती असतील तर रंधांचं ऐका.

---

सुरंगी
दोन लोखंडी कपाटं आहेत, जागा बदलत राहते. म्हणजे चिकटवूनच. सामान किती लागेल?

---

रंधा
12 × 14 = 168 चौरस फूट, म्हणजे 15.6 चौमी. सरळ बसवताना कापण्यात वाया जाणारं 8 टक्के धरून: 16.85 चौमी. खोक्यात 2.2 चौमी असेल तर 7.66, म्हणजे 8 खोकी, आणि एक जादा घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी तोच रंग, तोच क्लिक मिळेल याची खात्री नसते. ते जादा खोकं माळ्यावर पत्र्याखाली नको, खोलीतच पलंगाखाली आडवं ठेवा. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी मांडणी) हवं असेल तर 12 ते 15 टक्के वाया धरा.

गोंद 17-18 किलो, म्हणजे 15 किलोच्या दोन बादल्या. स्कर्टिंग 52 फुटांतून दार वजा जाता 49 फूट.

फट सगळ्या भिंतींना 12 मिमी. 12 मिमी प्लायच्या पाचरी कापून भिंतीशी ठेवा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा, राहिलेली पाचर म्हणजे भिंतच. स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही. दाराच्या चौकटीखाली फळी सरकेल एवढी चौकट कापा. शेजारच्या ओळींचे जोड एकमेकांपासून किमान 30 सेंमी. खिडकीखाली आणि गॅलरीच्या दाराशी दोन फुटांचा टाइलचा पट्टा घाला, पश्चिमेचा पाऊस फटीतून तेवढा आत येतोच. टाइल-लाकडाच्या सांध्याला पितळी किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची पट्टी, स्क्रू स्टेनलेस. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतो आणि गंजाचं पाणी लाकडात उतरतं.

खोकी आडवी, न उघडता, त्याच खोलीत 48 ते 72 तास. त्या काळात खोली रोज वापरात असते तशीच असू द्या.

---

कवडसा
वाळवीबद्दल कोणीच बोललं नाही. नवं घर वर, जुना जांभा खाली, म्हणजे वाट तयार आहे.

वरच्या स्लॅबला भोकं पाडू नका. काही पेस्ट कंट्रोलवाले उत्साहात पाडतात, उपयोग शून्य. वाळवी मातीतून येते, म्हणून उपचार तळमजल्यावर: भिंत आणि जमीन मिळते तिथे 12 मिमीची भोकं, 300 मिमी अंतरावर, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर औषध, मग सिमेंटने बंद. आयएस 6313 च्या तिसऱ्या भागात हीच रीत आहे. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी असेल तर लिटर पाण्याला 2.1 मिली. विहीर जवळ असेल तर आधीच सांगा, त्या बाजूला औषध मारायचं नाही.

वर चढणारी मातीची नळी बहुधा पाइपलगत किंवा विजेच्या कंड्युटमधून निघते. महिन्याला एकदा टॉर्च मारून स्कर्टिंगच्या वरची कड बघायची, एवढं पुरतं.

---

ओटीवरून
रोजच्या सांभाळाचं माझ्याकडून.

पोतेरं थपथपीत ओलं करून फिरवायची सवय इथे मोडावी लागते. आधी कोरडा मायक्रोफायबर, मग हवंच तर घट्ट पिळलेलं फडकं. मापाने सांगायचं तर फडकं फिरवल्यावर ओल एका मिनिटात दिसेनाशी व्हावी. फिनाईल, व्हिनेगर, ब्लीच, वाफेचा मॉप यांतलं काहीच नको.

मिठाचं एक वेगळंच आहे. समुद्राजवळ जमिनीवर मिठाचा पातळ थर बसतो. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, म्हणून पावसाळ्यात जमीन पुसूनही चिकट लागते. पावसाळा लागण्याआधी, मेच्या शेवटी, दोनदा पिळलेल्या फडक्याने मीठ काढून टाका आणि पंख्याखाली वाळवा.

लाल माती आणि पुळणीची वाळू दोन्ही फिनिशला सँडपेपर. बाहेर काथ्याची पायपुसणी, आत सुती. खुर्चीच्या पायांचे फेल्ट वर्षाला बदला, त्यात वाळू रुतली की फेल्टच ओरखडे काढतं.

गणपतीचं सांगते. रांगोळी दगडाची पूड असते, पाट-चौरंगाखाली आणि भोवती सतरंजी घालूनच काढा. समईच्या तेलाला ताटली. हळद सांडली तर ऑइल फिनिशमध्ये पिवळी उतरते. घासत बसू नका, पुसून घ्या आणि ऊन येऊ द्या, हळद उन्हाने विटते. मखराला खिळे जमिनीत ठोकायला कोणाला देऊ नका.

आणि तुमच्या लोखंडी कपाटांच्या पायाखाली रबर किंवा प्लॅस्टिकच्या वाट्या हव्यातच. ओक आणि साग दोन्हीत टॅनिन असतं, ओलं लोखंड टेकलं की निळसर काळा डाग पडतो. तो पॉलिशने जात नाही. फिनिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी लावावं लागतं, हातमोजे घालून.

---

सुरंगी
वरच्या फिनिशला ऑइल की लॅकर? खोबरेल चालेल असं आत्या म्हणतात.

---

ओटीवरून
खोबरेल नाही. ते वाळणारं तेल नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि काही दिवसांनी खवट वास येतो. काजूच्या टरफलाचं तेल वाशांना आणि होड्यांना लावायची रीत आहे. जमिनीवर ते काळं पडतं, आणि ताजं असताना कातडी भाजतं.

लॅकर कमी कटकटीचं, पण ओरखडा पडला की सगळी खोली करावी लागते. हार्डवॅक्स ऑइलमध्ये (तेल-मेणाच्या फिनिशमध्ये) डाग पडला तेवढीच जागा घासून लावता येते, मात्र वर्षाला एक हलका हात हवा. लिटरात एका हाताचे साधारण 24 चौमी होतात, तुमच्या खोलीला एक डबा रग्गड. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

---

खारेवारे
आता बंद घराचं.

खोली 15.6 चौमी, उंची 3 मीटर धरली तर 47 घनमीटर हवा. 28 अंशाला 90 टक्क्यांवरून 60 वर आणायचं तर घनमीटरमागे 8 ग्रॅम पाणी काढावं लागतं, म्हणजे अख्ख्या खोलीतून 400 मिलीसुद्धा नाही. सोपं वाटतं. पण तासाला एकदा हवा बदलण्याइतकी दारं-खिडक्या गळत असतील तर तेच 400 मिली दर तासाला परत येतं: दिवसाला 9 लिटर. म्हणून आधी फटी, मग यंत्र. खिडक्यांना रबराची पट्टी, दाराखाली ब्रश.

डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) दिवसाला 20 लिटरचा घ्या. तो आकडा 30 अंश आणि 80 टक्के हवेतला असतो, 60 टक्क्यांना त्याहून बरंच कमी मिळतं. नळी थेट बाथरूमच्या जाळीत सोडा, टाकी भरली की यंत्र थांबतं. वीज गेल्यावर परत आल्यावर आपोआप सुरू होणारं मॉडेल हवं. खरेदीच्या वेळी दुकानातच प्लग काढून लावून बघा. 60-65 वर ठेवा. 45 वर नको, विजेचं बिलही वाढतं आणि वरच्या थराला केसाएवढ्या भेगा पडतात.

यंत्र शक्य नसेल तर: गालिचे उचला, जमिनीवर प्लॅस्टिक घालू नका, गाद्या उभ्या करा, कपाटं भिंतीपासून तीन इंच, आतली दारं उघडी. एक डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, आणि चावी ज्यांच्याकडे असेल त्यांना आठवड्याला फोटो काढायला सांगा.

---

आगरातलो
चावी आमच्याकडे असतली तर फोटोच कित्याक, खिडकी पण उघडतलो. पण खारेवारे म्हणतत ता बरोबर, पावसाच्या मधी नाय, उघडीप पडली तरच.

---

कवडसा
गणपतीला आल्यावर काय बिघडलंय ते ओळखण्यासाठी:

कडा वर, मध्य खाली: वाटी. खालून ओल किंवा हवा दमट. लगेच घासू नका! वाळल्यावर ती बरीचशी बसते, आणि घाईने घासली असेल तर तेव्हा उलटी, मधोमध फुगलेली दिसते. जानेवारीपर्यंत थांबा.
खोलीच्या मध्ये उंचवटा: फट कमी पडली. स्कर्टिंग काढा, भिंतीला टेकलेली फळी शोधा, तेवढी कड कापा.
वरचा थर बुडबुड्यासारखा सुटलाय, ठोकल्यावर पोकळ: गोंद गेला. ती फळी बदलणं एवढाच उपाय.
पांढुरकी बुरशी: बहुधा वरवरची. मास्क लावून कोरड्या फडक्याने पुसा, पंखा लावा. नखाने लाकूड दबलं तर मात्र आतून कुजलंय.

---

सुरंगी
ठरलं ते लिहिते: वर जुना साग 4 मिमी, मरीन प्लाय गाभा, हॉट प्रेस, हार्डवॅक्स ऑइल, जानेवारीत. शेवटचं: दार सध्या सिमेंटपासून 8 मिमी वर आहे. किती कापू? आत्ताच कापलं तर पावसात फुगून परत घासणार नाही ना?

---

रंधा
फळी 14 आणि गोंद धरून 16 मिमी, वर 5 मिमी मोकळं, म्हणजे सिमेंटपासून 21. आत्ता 8 आहे, 13 कापा. उंचीत दार फुगत नाही, उभे दांडे लांबीच्या दिशेने हलत नाहीत, फुगतं ते रुंदीत, कडीच्या बाजूला. पण कापलेली खालची कड उघडी ठेवू नका, तिथून दार पाणी शोषतं. दार उतरवलेलंच आहे तोवर त्या कडेला पॉलिशचे तीन हात द्या. सुतार विसरतो, कारण ती कड कोणालाच दिसत नाही.